येसू तेलिणीचं वाढलेलं तेल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आपल्या पणजोबांचे पणजोबाही पाळण्यात नव्हते. खाडीकाठच्या उंडीखोल गावात येसू नावाची तेलीण राहायची. उंडीच्या झाडाच्या बिया घाण्यात घालून ती तेल काढी, आणि त्या कडू तेलावर सगळ्या गावाचे दिवे जळत. बाई जिभेची तिखट, पण हाताची सढळ. पळीभर तेल मागायला आलेल्याला ती चार शब्द सुनवी आणि दीड पळी घाली, असं म्हणतात.

एका साली उंडीला बारच धरला नाही, फळ नाही की बी नाही. घाणा गप्प बसला. आणि नेमका त्याच साली, एके दिवशी उन्हं कलता कलता, असा वारा सुटला की घरांवरचं गवत उडालं. गावच्या होड्या दर्यात होत्या. येसूचा एकुलता एक लेक धाकूही त्यांतच होता. खाडीच्या तोंडाशी काळे कातळ, आणि गावातले दिवे बघूनच होड्या त्यांतून वाट काढायच्या. आता दिवे लावायचे कशावर?

बाया धावत येसूच्या दारात आल्या. दिवेलागणीला ‘संपलं’ म्हणायचं नाही, म्हणून सगळ्या म्हणाल्या, “येसूआक्का, तेल वाढलं.”

येसूच्याही घरात थेंब नव्हता. पण हात-पाय गाळेल ती येसू कसली!

“वाढलं ना? मग रडता कशाला? आणा ते वाढलेलं इकडे.”

बायांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. पण तिच्यापुढे बोलणार कोण? प्रत्येकीनं आपली रिकामी बुधली आणली. येसूनं एकेक बुधली चुलीच्या धगीवर धरली आणि बुडाला चिकटलेलं तेल कढईत निथळवलं. नव्या लुगड्याचा पदर फाडून मनगटाएवढी वात वळली. कढई टेकाडावर नेऊन पेटवली, आणि वाऱ्याच्या अंगाला बाया सुपं धरून उभ्या राहिल्या.

तेवढंसं तेल, पुरणार किती? पण असं म्हणतात, एकेक होडी आत आली तसं कढईतलं तेल बोटबोट चढत गेलं. धाकूची होडी सगळ्यांत शेवटी लागली, तेव्हा कढई काठोकाठ भरली होती. येसूनं लेकाला पोटाशी धरलं, आणि रडता रडता शिव्यांची लाखोली वाहिली. ते तेल गावाला दिवाळीपर्यंत पुरलं.

आता उंडीखोलात घरोघर वीज आहे. पाऊसवाऱ्यात ती जाते, पण “लाइट गेली” असं तिथं कुणी म्हणत नाही. आळीभर हाळी उठते, “वाढली गं, वाढली!” मग हसत हसत पणत्या लागतात. पहिली पणती येसूच्या नावानं दर्याकडच्या पायरीवर ठेवतात, कुणी अजून पाण्यावर असेल म्हणून. आपल्या घरात उजेड त्यानंतर.