पाठमोऱ्या आया

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती घडली तेव्हा त्या डोंगराला कुणी नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी मेंढपाळांची एक वस्ती होती. पावसाळाभर सगळी वस्ती भरलेली असायची. पाऊस सरला, माळावरचं गवत पिवळं पडलं, की मोठी माणसं कळप घेऊन दूरच्या मुलखात चारणीला निघायची, ती पुढच्या पावसाच्या तोंडावरच परतायची. लेकरं मात्र मागे राहायची. कारण वस्तीत एक शाळा होती, तिथले गुरुजी लेकरांना सांभाळायचे, आणि आपल्या पोरांनी चार अक्षरं शिकावीत असं त्या माणसांना मनापासून वाटायचं.

म्हणजे बघा बाळांनो, तुमची शाळा सुरू होते तेव्हा तुम्ही घरातून निघता. तिथे उलटं होतं. शाळा सुरू व्हायची त्या दिवशी घरच निघून जायचं.

आणि त्या लोकांची एक रीत होती. निघालेल्याने मागे वळून पाहायचं नाही. माणूस वळलं की कुत्री थबकतात, कुत्री थबकली की मेंढरं माघारी फिरतात, आणि माघारी फिरलेल्या कळपाला त्या वर्षी चारा लाभत नाही, असं सगळे मानायचे.

त्या वस्तीत एक लहान मुलगी होती. तिचं शाळेतलं हे दुसरं वर्ष. तुम्ही म्हणाल, मग भीती कसली? अहो, दुसऱ्या वर्षीच तर खरी भीती! पहिल्या वर्षी तिला काही कळलंच नव्हतं. यंदा तिला सगळं ठाऊक होतं. संध्याकाळी राहुटीचं पाल रिकामं असतं, हाक मारली तर ओ येत नाही, हे ठाऊक होतं.

निघायच्या सकाळी आई तिची वेणी घालत होती.

"आये, माझ्या पोटात दुखतंय."

"दुखंल जरा. मग राहील आपोआप."

"तू खिंडीपाशी गेलीस की एकदा वळून बघशील?"

आईचे हात थांबले. "तसं करू नाय, बाय. मेंढरं फिरत्याल."

"थोडंसंच बघ की."

आईने वेणीला घट्ट गाठ मारली, डोक्यावर बोचकं घेतलं आणि ती चालू लागली. मुलगी शाळेच्या ओट्यावर उभी राहून बघत राहिली. धुळीत सगळ्या बायांच्या पाठी दिसत होत्या. आईची पाठ लहान होत गेली, खिंडीपाशी पोचली आणि दिसेनाशी झाली. आई वळली नाही. मुलीला वाटलं, आईला आपली आठवण येणारच नाही.

शाळेतले गुरुजी फार मायाळू होते. लेकरांची ही अवस्था त्यांना दर वर्षी बघवत नसे. म्हणून यंदा त्यांनी शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या चिताऱ्याकडून एक चित्रांची पोथी करून घेतली होती. पोथी मोठी देखणी होती. पहिल्या पानावर मुलं हसत शाळेत येत होती. दुसऱ्या पानावर मुलं हसत पाटीवर लिहीत होती. गुरुजी हसत होते, झाडावरचे पोपट हसत होते, खुंटाला बांधलेली शेळीसुद्धा दात काढून हसत होती. गुरुजी एकेक पान उलटत गेले आणि आवाज आणखी आनंदी करत गेले. शेवटच्या पानापर्यंत निम्मी पोरं मुसमुसायला लागली.

ती मुलगी मात्र रडली नाही. तिने बोलणंच सोडलं. पाटीला हात लावेना, ताटातली भाकरी तशीच ठेवू लागली. दिवसेंदिवस ती सुकत चालली. शेवटी गुरुजींनी मनाशी ठरवलं, की वाटेने जाणाऱ्या एखाद्या तांड्याबरोबर हिला आईकडे पाठवून द्यावं. पण हे ठरवताना त्यांचा जीव तुटत होता. असं गेलेलं पोर पुन्हा कधी शाळेत आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

अशातच चितारी आपल्या पोथीचं कौतुक ऐकायला आला. कौतुक कुठलं! तो मुलीशेजारी बसला आणि म्हणाला, "पोरी, माझी चित्रं चुकली का गं?"

मुलगी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "ह्यात कुणालाच आय न्हाय."

चिताऱ्याला ते लागलं. मुलांना रडू येऊ नये म्हणून त्याने आया मुद्दामच काढल्या नव्हत्या. तो उठला आणि पोथी काखेत मारून खिंडीच्या वाटेने चालू लागला. गुरुजींना वाटलं, म्हातारा रागावला.

बऱ्याच दिवसांनी तो परत आला. पोथीला त्याने आणखी पानं जोडली होती. एका पानावर सगळा कळप समोरून येताना दिसत होता. पुढे मेंढरं, मागे बाया, आणि त्यांच्याही मागे लांब, अगदी एवढीशी शाळा. मुलीने एका बाईवर बोट ठेवलं.

"ही माझी आय." मग तिने नीट पाहिलं. आईने पदर दातांत धरला होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ही रडतीय?"

"चालताना अजून सगळ्याच रडत होत्या," चितारी म्हणाला. "मी वळसा घालून कळपाच्या पुढं गेलो, तवा मला दिसलं. मागून ते कुणालाच दिसत नाय. शाळा तिथनं दिसत नव्हती, ती मी त्यांच्या मनातली काढली."

दुसऱ्या पानावर चूल होती. आई भाकऱ्या थापत होती आणि शेजारी एक लहानशी भाकरी वेगळी ठेवली होती.

"ही कुणाची?"

"तुझी. हात सवयीनं थापतो, म्हणाली. मग बसते तिच्याकडं बघत."

तेव्हा मुलगी रडली. मोठ्याने, पोटभर रडली. तिचं बघून बाकीचीही रडली. गुरुजी समजूत घालायला पुढे झाले आणि स्वतःच उपरण्याने डोळे पुसू लागले. रडणं ओसरल्यावर मुलीला भूक लागली. जेवून तिने पाटी पुढे ओढली. हुरहूर गेली नव्हती, ती कशी जाईल? पण आता आईलाही तसंच वाटतंय हे तिला कळलं होतं, आणि तेवढ्यावर तिला लिहिता येत होतं.

मुलीला तांड्याबरोबर पाठवावं लागलं नाही. पाऊस आला, कळप आले, आया आल्या. पाऊस सरला आणि पुन्हा निघायचा दिवस उजाडला. त्या सकाळी ओट्यावर एकही मूल नव्हतं. मुलीने सगळ्यांना पहाटेच खिंडीत नेऊन वाटेच्या दोन्ही बाजूंना उभं केलं होतं, आणि गुरुजी धापा टाकत मागून आले होते.

कळप वर चढला. बायांनी मान वर केली, तर समोर लेकरं! कुणी मागे वळलं नाही, रीत मोडली नाही, मेंढरं फिरली नाहीत. मुलीच्या आईला पदर तोंडाशी न्यायलाही वेळ मिळाला नाही. चालता चालता तिने लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि ती पुढे गेली.

मग पुन्हा पाठीच दिसू लागल्या. मुलीला हुंदका आला. पण त्या पाठींपलीकडे काय आहे हे आता तिला माहीत होतं. तिने शेजारच्या, पहिल्याच वर्षाच्या पोराचा हात धरला आणि म्हणाली, "चल, शाळा भरायची वेळ झाली."

तात्पर्य : आपल्याला सोडून जाणाऱ्याची पाठच आपल्याला दिसते, म्हणून त्याला आपली ओढ नाही असं समजू नये.