परगावी गेलेली विळी

फार मागे, घरोघरी चुली होत्या तेव्हाची गोष्ट. शालनच्या सासरी विळी, सुरी आणि खवणी एकाच फळीवर राहत. विळीला पातं होतं, शिवाय टोकाला खोबरं खवायचे दातेही. पण कोथिंबीर बारीक चिरायची तर हात सुरीकडे जाई, आणि नारळ फोडला की खवणीकडे.

"विळीताई, तुमचं आपलं दोन्हीकडे थोडं थोडं," सुरी म्हणे.

"आमचं बाई एकच, पण पक्कं," खवणी पुस्ती जोडे.

एकदा तरी कुणी आपल्याला आधी उचलावं, एवढंच विळीच्या मनात असे.

मग शालनच्या नवऱ्याला परगावी काम मिळालं. गाठोड्यात जागा एकीलाच होती. "ही एकटी सगळं निभावून नेईल," म्हणत शालनने विळी उचलली.

नव्या खोलीत भाजी विळीच चिरायची, नारळही तीच खवायची. फोडी जरा जाड होत, खोबरं भरड पडे, पण नावं ठेवायला कुणी नव्हतं. रोज पहिला हात तिलाच लागे.

तरी खोबरं ताटलीत पडू लागलं, की विळी कान देऊन राही. "भरडच पडलं हो, विळीताई," असं आता कुणीतरी म्हणेल, असं तिला वाटे.