नागवेणीचा वळसा

एका राज्यात, आणि ते राज्य म्हणजे चहूकडे समुद्र असलेलं एक बेट, नागवेणी नावाची एकच मोठी नदी होती. बेटाच्या मध्यावरच्या धूम्रगिरीवर ती उगम पावे, कड्यावरून उडी घेई आणि रानातून समुद्राकडे निघे. समुद्र हाकेच्या अंतरावर आला की मात्र पाठ फिरवी, साऱ्या बेटाला वळसा घालून तिवरांच्या बनातून पलीकडच्या किनाऱ्याला मिळे. त्या वळशावरच निम्मं राज्य जगत होतं.

रीत अशी, की नव्या राजाने उगमाची घागर खांद्यावर घ्यावी, काठाकाठाने अनवाणी चालावं आणि नदीच्या मुखाशी ती समुद्राला द्यावी. राजा चंडवर्मा म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. समुद्र दिसताच म्हणाला, हाही समुद्रच ना? घागर तिथेच ओतली आणि सिंहासनावर जाऊन बसला. प्रधानाने मान डोलावली, कारण त्याला आपलं डोकं प्रिय होतं.

राजा चालला तशी नदी चालली. तीही तिथेच समुद्राला मिळाली. वळशातलं पात्र कोरडं पडलं, विहिरी खारट झाल्या, माणसं मरू लागली. हळूहळू उगमही आटला. राजाचा एकुलता एक मुलगा इंद्रदत्त अंथरुणाला खिळला, तेव्हा कुठे राजा धूम्रगिरी चढला.

झऱ्याशी एक खंड्या बसला होता. पक्षी म्हणाला, "एक घागर उरली आहे. ती नदीची आहे, तुझी नाही. वाटेत तिघं पाणी मागतील. एकालाही दिलंस, तर नदी वाट विसरली ती कायमची."

राजाने घागर भरून खांद्यावर घेतली आणि जुन्या पात्राच्या काठाने अनवाणी निघाला. कड्याखाली एका म्हाताऱ्या कोळ्याने पाणी मागितलं. राजा मान खाली घालून पुढे गेला. कोरड्या वळशात एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. तिने लेकरासाठी घोटभर मागितलं. राजा थांबला, रडला आणि तिथूनही निघाला. मागे तिचा हंबरडा ऐकू आला.

तिवरांच्या बनात राणी सुलक्षणा बसली होती, मांडीवर इंद्रदत्त. राजवाड्यातलं पाणी संपल्यावर ती त्याला घेऊन नवऱ्याच्या वाटेवर आली होती.

"घोटभर द्या," राणी म्हणाली. "आपला आहे."

"त्या बाईचंही तिचंच होतं," राजा म्हणाला.

त्याने घागर समुद्रात रिती केली. मागून नागवेणी आली, गढूळ, भरलेली, सारा वळसा घालून. राणीने धावत जाऊन ओंजळ भरून आणली. मुलाचे ओठ उघडले नाहीत.

विहिरी गोड झाल्या, शेतं पिकली. चंडवर्म्याने पुढे पुष्कळ वर्षं नीट राज्य केलं, पण पाणी पिताना तो कुणाला दिसला नाही. आजही त्या बेटावर नवा राजा घागर घेऊन निघाला, की लोक आदल्या दिवशीच पाणी भरून ठेवतात आणि दारं लावून घरात बसतात. त्याला कुणाला नाही म्हणावं लागू नये, म्हणून.