रोजचं पाणी

एका गावच्या चर्चच्या आवारात एकदा एक वृद्ध बायबलबाई राहत असत. बायबलबाई म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना वचन वाचून दाखवणारी, त्यांच्याबरोबर प्रार्थना करणारी सेविका. चाळीस वर्षे गावाचे उंबरे झिजवून बाई आता थकल्या होत्या, म्हणून चर्चच्या मंडळीने एक तरुण सेवक त्यांच्या हाताखाली शिकायला ठेवला होता.

सेवक मनाचा निर्मळ, पण राग मात्र सदा नाकावर. वैशाख लागला आणि रविवारची उपासना ओस पडू लागली. कोणी मामाच्या गावाला, कोणी लग्नाला. जे उरले त्यांच्या अंगणात पापड नि कुरडया. हे पाहून त्याचे पित्त खवळले.

"बाई, या लोकांचा विश्वाससुद्धा सुट्टीवर गेलाय," तो म्हणाला.

त्याने शेजारच्या गावच्या माळावर तीन दिवसांची संजीवन सभा ठरवली. मंडप, कर्णे, बाहेरगावचे वक्ते आणि सहकुटुंब मुक्काम. निघायच्या सकाळी तो मंडळीतल्या राहेलबाईंना बोलवायला गेला, तेव्हा त्या, त्यांची सासू आणि लेक अशा तिघी एका मोठ्या पातेल्याभोवती बसल्या होत्या. लेकीचे लग्न पंधरा दिवसांवर आलेले. रुखवतात घरच्या कुरडया मांडायच्या म्हणून आजीने स्वतः निवडून ठेवलेले गहू आदल्याच दिवशी भिजत घातले होते.

"आम्हाला कसं जमंल, साहेब? गव्हाचं पाणी रोज बदलावं लागतंय. नाहीतर गहू हातचं जातील," राहेलबाई म्हणाल्या.

सेवकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "देवापेक्षा कुरडई मोठी झाली का?"

असा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नकोच असते, समोरच्याची मान खाली गेलेली हवी असते. राहेलबाईंची मान खाली गेली. पातेल्यावर झाकण ठेवून तिघी मुकाट्याने निघाल्या.

सभा दणक्यात झाली. लोक रडले, हात उंचावून गायले. शनिवारी रात्री सारे परतले, आणि मंडळी जागी झाली अशी साक्ष द्यायची या आनंदात सेवक रविवारी सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये शिरला. शिरताच त्याला नाक दाबावे लागले. दानाचे ताट ठेवायच्या मेजावर राहेलबाईंचे पातेले उघडे ठेवले होते. वर फेस, खाली काळपट, बुळबुळीत गहू. शेजारी बाई काठी टेकून उभ्या होत्या.

"बाई, हे पवित्र स्थान आहे. ही घाण इथे कोणी आणली?"

"मी. राहेलच्या लेकीकडून आणवली. आणि घाण म्हणू नकोस. तुझ्या सभेचं दानार्पण आहे ते."

सेवक लालबुंद झाला. "पातेलंभर गव्हांसाठी तुम्ही मला मंडळीसमोर..."

"मंडळी अजून यायची आहे. म्हणून तर लवकर आणलं."

बाईंचा आवाज चढलेला त्याने कधी ऐकला नव्हता. आज तो चढला. "गहू गेले ते गेलेच. त्या म्हातारीनं दाणा न् दाणा निवडला होता. पण तू त्याहून मोठं काही नासवलंस. त्या घरात पाणी बदलताना काय होतं, कधी विचारलंस? म्हातारी गीत धरते, सून पातेलं कलतं करते, पोर गावातल्या आजाऱ्यांची नावं घेते आणि तिघी प्रार्थना करतात. चीक शिजला की पहिली वाटी शेजारच्या घरी जाते, मग ते घर कुठल्या का देवाचं असेना. उन्हाळ्यातली त्यांची उपासना ती. असे उंबरे जपण्यात माझा जन्म गेला रे. आणि तू ती उपासना बंद पाडून त्यांना विश्वास शिकवायला मंडपात नेलंस."

सेवकाने नाकावरचा हात काढला.

"आता मला सांग, तीन दिवसांचं पाणी आज एकदम ओतलं तर हे गहू सुधारतील?"

"नाही."

"मग माणसं कशी सुधारतील?"

सेवकाने पातेले स्वतः उचलले, उकिरड्यावर रिकामे केले आणि राखेने घासले. साक्ष त्या दिवशी राहिलीच. उपासना संपल्यावर ते पातेले आणि आपल्या डब्यातले होते नव्हते ते गहू घेऊन तो राहेलबाईंच्या दारी गेला आणि "चुकलो" म्हणाला. राहेलबाई त्याला बसासुद्धा म्हणाल्या नाहीत. त्यांनी गहू भिजत घालून पातेले त्याच्यापुढे सरकवले.

"रोज सकाळी यायचं, साहेब. पाणी तुम्हीच बदलायचं."

तो दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. त्या सकाळी म्हातारीचे गीत संपले आणि प्रार्थनेची पाळी त्याच्यावर आली. मंडपात तासन् तास चालणारी त्याची जीभ लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' या शब्दांपाशी अडखळली. भाकर त्याला ठाऊक होती. 'रोजची' हा शब्द तो आजवर घाईने म्हणून टाकत आला होता. त्याने तो पुन्हा एकदा, सावकाश म्हटला, पातेले कलते केले आणि जुने पाणी ओतून नवे भरले.