मेण लावलेले साचे

एकदा एका खाडीकाठच्या गावात एका गृहस्थाने घराच्या पडवीतच होडी बांधायला घेतली. त्याच्या मुलीला, सुलक्षणेला, पैलतीरावरच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. वल्हवायला त्यानेच तिला लहानपणी शिकवले होते. तरीही रोज आपणच तिला नेऊ, आपणच आणू, असा बेत त्याने मनाशी पक्का केला होता आणि स्वतःला बसायला एक जाडजूड फळीही काढून ठेवली होती. मुलीला विचारायचे तेवढे राहून गेले होते.

होडी बांधण्याची विद्या त्याला त्याचे वृद्ध गुरुजी शिकवत. आधी होडीला आकार देणारे लाकडी साचे एका रांगेत उभे करायचे, मग त्यांच्यावरून लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून त्या एकमेकींना डिंकाने चिकटवत जायचे. पण पट्टी बसवण्यापूर्वी गुरुजी प्रत्येक साच्याच्या कडेला मेण चोळत. शिष्याला हे काही केल्या पटेना. ज्याच्या आधाराने होडी उभी राहायची, तिथेच निसरडे करून ठेवायचे? गुरुजींचे आता वय झाले, असे मनाशी म्हणत त्याने मधल्या साच्यावरचे मेण गुपचूप खरवडले आणि तिथे सढळ हाताने डिंक ओतला.

पट्ट्या पुऱ्या झाल्या. होडी साच्यांवरून उचलायला शेजारी जमले. दोन्ही टोकांकडून ती अलगद सुटली. मध्ये मात्र जागची हलेना. जोर लावताच कर्रकन आवाज झाला आणि पट्ट्या उभ्या चिरल्या. मुलीला सोमवारी रुजू व्हायचे होते.

"गुरुजी, मेण मीच काढलं," तो खाली मान घालून म्हणाला. "वाटलं, घट्ट धरून ठेवलं तर मजबूत होईल."

गुरुजी चिरलेल्या जागेवरून बोट फिरवत म्हणाले, "अरे, पट्टीनं पट्टीला धरायचं असतं, साच्याला नव्हे. साच्यानं वळण द्यावं आणि बाजूला व्हावं. तोच आत अडून राहिला, तर होडीत माणूस बसणार कुठे? चल, नव्या पट्ट्या आण. दुरुस्त होईल हे."

रविवारी होडी तयार झाली. सुलक्षणेने कोपऱ्यातली फळी उचलून विचारले, "बाबा, ही कुठे बसवायची?"

त्याने फळी तिच्या हातून घेतली.

"ती नको बसवायला," तो म्हणाला. "तिचं मी तुला जादाचं वल्हं करून देतो."

सोमवारी सकाळी ती एकटीच पलीकडे गेली, आणि संध्याकाळी आपणहून परतही आली.