रांजण महाराजांची खोली

"रुखवतात आलेली लोटी ती, वाटीभर पोटाची! तिला महाराजांची खोली काय कळणार?" परात मुसळाच्या कानाशी कुजबुजली. लोटीला ते ऐकू आलं. पण घर नवीन, म्हणून ती गप्प राहिली.

भांडी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. महाराज म्हणजे अंगणातला मोठा रांजण. परात त्याच्या तोंडाशी वाकून विचारायची, "महाराज, मीच मोठी ना?" आतून घुमत यायचं, "मोठी ना…" मुसळ विचारायचं, "माझंच खरं ना?" "खरं ना…" दोघं भक्तीने डोळे मिटायची. इतकं मनातलं बोलणारा गुरू ज्ञानीच असणार!

एका दुपारी शेजारचं कोमेजलेलं अळू कळवळलं, "महाराज, घोटभर पाणी!"

"पाणी… पाणी…"

"ऐकलंस? सगळं पाणीच आहे म्हणतात!" परात गहिवरली. अळूने मान टाकली.

लोटी मुकाट्याने रांजणात उतरली आणि कोरडीच वर आली. मग विहिरीवर जाऊन तिने आपलं वाटीभर पोट भरलं, ते अळूच्या मुळाशी रिकामं केलं आणि पहिल्यांदाच मोठ्याने बोलली,

"आत्याबाई, महाराजांची खोली पाहून आले. तळाला भोक आहे. आता एकदा त्यांना 'आम्ही मूर्ख ना?' असंही विचारून बघा."