साखरतळ्याचे पाणी

साखरतळ्याचे पाणी प्यायल्यावर ‘गोड’ म्हणायचे. दुसरा शब्द काढायचा नाही आणि का, असे विचारायचे नाही. येवलखेडच्या मुलींना हा नियम बाराखडीच्या आधी शिकवतात.

तळे गावाच्या पश्चिम शिवेवर आहे. सात दगडी पायऱ्या, सातवी बारमाही पाण्याखाली. हा सगळा खारपाणपट्टा. इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. तरी नाव साखरतळे. ठरलेले लग्न मोडले की वरपक्षाला इथेच बोलावतात आणि त्यांनी दिलेले सगळे पहिल्या पायरीवर मांडून परत करतात. मग मुलीने सातव्या पायरीवर उतरायचे, ओंजळभर पाणी प्यायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे ‘गोड’ म्हणायचे. म्हणजे तिच्या मनात अढी उरली नाही, वरपक्षाची काही चूक नव्हती, असे ठरते. ते दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी पाहायला मोकळे.

गेल्या माघात त्या पहिल्या पायरीवर माझा शालू होता. लग्नाला नऊ दिवस उरले असताना उत्तमरावांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, निरोप धाडला : मुलगी उलट बोलते, आम्हाला जमणार नाही. मी बोलले होते ते एवढेच, की कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडणार नाही. पण गावोगाव फिरता फिरता निरोप वाढला. मुलीत काहीतरी खोट आहे, असा झाला. मी ‘गोड’ म्हटले असते तर ती खोटही कबूल केल्यासारखे झाले असते.

उत्तमरावांच्या बहिणीने शालू उलटून पाहिला. “घडी मोडलेली दिसते.”

“घडी मोडलेली दिसते तुम्हाले,” मी म्हणाले. “लग्न मोडलेलं नाही दिसत?”

“पाह्यलं? मी काय म्हणत होती? उलट बोलते!” ती भावाला म्हणाली.

मुलगी पाण्यात उतरण्याआधी पाहुण्यांना तळ्याची कथा सांगायची, हीही रीत. गावातले सर्वांत वयस्कर श्रावणआबा काठी टेकत पुढे झाले.

फार पूर्वी हे तळेही खारेच होते, असे सांगतात. गावात येणू नावाची मुलगी होती. तिच्या लग्नाचे वऱ्हाड शिवेपर्यंत आले आणि तिथूनच मागे वळले. का, ते कोणाला ठाऊक नाही. वरबाप म्हणाला, आमचे आम्हाला परत करा. लुगडे दिले, पाटल्या दिल्या, नारळ दिले. तरी तो हलेना. “अन् साखर?” त्याने विचारले. साक्षगंधाला येणूच्या हाती दिलेला साखरेचा पुडा साऱ्या गावाने चिमूट चिमूट खाल्ला होता. येणूने शपथ घेतली म्हणे, की ती साखर परत केल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही. सात दिवस ती उपाशी दारोदार फिरली. ज्या ज्या घराने तोंड गोड केले होते, त्या त्या घराने चिमूट दिली. पुडा भरला. वरबापाने हात पुढे केला नाही. उष्टी साखर, म्हणाला. तेव्हा येणू पुडा छातीशी धरून तळ्याच्या पायऱ्या उतरली. सातव्या पायरीनंतर ती कोणाला दिसली नाही. पाणी एकदा उसळले आणि निवले. वरबापाच्या घशाला अशी कोरड पडली म्हणे, की तो धडपडत खाली गेला, ओंजळभर पाणी प्यायला आणि हात जोडून म्हणाला, “गोड.”

“तवापासून पाणी गोड हाये,” आबांनी संपवले. “जाय पोरी, उतर.”

बेबीआत्या, माझ्या वडिलांची बहीण, कानाशी आली. “एक शब्द तर हाये, माय. म्हण अन् मोकळी हो. मी नाही म्हटला?” पंचवीस वर्षांपूर्वी तिने तो म्हटला होता. तिला मोकळी झालेली मी कधी पाहिलेले नाही.

मी उतरले. पाणी पोटऱ्यांना झोंबले. ओंजळ भरून प्याले.

“खारट,” मी म्हणाले.

काठावर गलका उठला. आबांची काठी दगडावर आपटली. “येणूचा अपमान हाये हा!”

“आबा, तुमच्या गोष्टीत पाणी कोण प्यालं? येणू?”

“वरबाप.”

“अन् गोड कोण म्हणालं?”

“वरबापच.”

“मंग आम्हाले काऊन पाजता?” मी पुन्हा ओंजळ भरली आणि वर चढून उत्तमरावांसमोर उभी राहिले. त्यांच्या कोऱ्या बुटांवर पाणी ठिबकत होते. “घ्या, तुम्ही प्या. तुम्हीच म्हणा गोड. मी म्हणणार नाही.”

उत्तमरावांनी आबांकडे पाहिले. आबांनी तळ्याकडे.

“आत्या,” मी मान न वळवता विचारले, “तुले कसं लागलं होतं?”

ओंजळ रिकामी होईपर्यंत मी तशीच उभी होते.

आजही पाहुणे साखरतळे पाहायला येतात आणि आबा त्यांना येणूची गोष्ट सांगतात. पाणी कोण प्यायले, तिथपर्यंत आले की ते गप्प होतात.